सत्तेचाळीस गुणिले छत्तीस

निवृत्तीला सात महिने उरले असताना खात्याने मला प्रमाणपत्र देऊन कळवलं की मला गुणाकार येतो. त्याआधीची एकतीस वर्षं मी सरकारी प्राथमिक शाळेत गुणाकार शिकवत होते, ते बहुधा बिनपरवाना असावं.

नाशिकला एका मंगल कार्यालयात तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. गळ्यात ओळखपत्र अडकवलेला एक टवटवीत मुलगा पडद्यावर चौकोन दाखवत होता. चौकोनात ठिपक्यांच्या रांगा. आधी वीस रांगा मोजायच्या, मग उरलेल्या चार, मग बेरीज. 'ही एकदम नवीन संकल्पना आहे मॅडम, परदेशात असंच शिकवतात,' असं त्याने तीनदा सांगितलं. दीडशे शिक्षकांनी मोबाइल वर करून त्या ठिपक्यांचे फोटो काढले. मी टाळ्या वाजवल्या, आणि जरा जास्तच वाजवल्या असाव्यात, कारण शेजारच्या बाईंनी विचारलं की तुमचा कोण लागतो का तो मुलगा. मी म्हटलं, मुलगा नाही, पद्धत ओळखीची निघाली.

ती पद्धत मी आधी पाहिली होती. पाचवीतल्या एका मुलीच्या वहीत, आणि त्या पद्धतीवर मीच लाल पेनाने रेघ मारली होती. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'शिक्षकी पेशातले आनंदाचे क्षण' लिहून मागितले आहेत. आनंदाचे क्षण इतर शिक्षक पाठवतीलच. मी हे पाठवते.

ज्यांना शाळा सोडून बरीच वर्षं झाली त्यांच्यासाठी आधी थोडं गणित. एका अंकाने गुणायला पाढे पाठ असले की काम भागतं. दोन अंकी संख्येने गुणायचं म्हटलं की घोळ सुरू होतो. सत्तेचाळीस वर लिहायचे, खाली छत्तीस. आधी सहाने गुणून एक ओळ लिहायची. मग तीनने गुणायचं, पण ती ओळ लिहिण्याआधी उजव्या टोकाला एककाच्या घरात फुली मारायची. मग दोन ओळींची बेरीज. ही फुली आमच्या धंद्याचा कणा. फुली विसरली की उत्तर हजारांतून शेकड्यांत येऊन पडतं. मी वर्गात दिवसातून पन्नास वेळा ओरडायचे, 'फुली मारली का?' शाळेसमोरून जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनाही ते पाठ झालं होतं. एकजण गेटाशी थांबून विचारायचा, 'बाई, आज फुली मारली का?'

दुसरी अडचण हातच्याची. एका वर्षी मी नवीन वर्गाला सांगितलं, हातचा नीट लिहून ठेवा. एका आज्ञाधारक मुलाने तो तळहातावर लिहायला सुरुवात केली. डाव्या हातावर सहाचे हातचे, मनगटावर तीनचे. एकदा मधल्या सुट्टीतली खिचडी आली, त्याने शिस्तीत साबणाने हात धुतले आणि जेवून आल्यावर गणित अर्धवट सोडून रडत बसला. हात धुण्याचं महत्त्वही मीच शिकवलेलं होतं, त्यामुळे त्याला रागावता येईना.

हे सगळं कधी शिकवायचं, तर मतदारयाद्या, घरोघरची मोजणी, तांदळाचा साठा, झाडं लावतानाचे फोटो, तीच झाडं जगल्याचे फोटो आणि या सगळ्याची ऑनलाइन माहिती भरून झाल्यावर. उरलेल्या वेळात गुणाकार. पालकांचीही मदत असायची. एका वडिलांनी मला नम्रपणे सुचवलं होतं की मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आलाय, तेव्हा पोराला गुणाकाराऐवजी इंग्लिश स्पीकिंग शिकवा. मला इंग्लिश येतं की नाही ते मात्र त्यांनी विचारलं नाही.

मी मूळची नामपूरची. 'हाई पोर भलती हट्टी शे,' असं माझी आई सांगायची, आणि नोकरीतल्या बदल्यांनी त्यात काही फरक पडला नाही. हा किस्सा घडला तेव्हा माझी शाळा निफाडच्या पुढच्या एका गावात होती. पाचवीपर्यंतचे वर्ग, तीन शिक्षक आणि चोहीकडे द्राक्षबागा. नाशिकहून मी रोज एसटीने जायची. दिवाळी झाली की पेठ-सुरगाण्याकडची माणसं भात कापून आमच्याकडे बागांच्या कामाला यायची आणि बागेतल्याच पत्र्याच्या खोल्यांत राहायची. त्यांची मुलं सहा महिने आमच्या शाळेत, सहा महिने तिकडच्या. हजेरीपटावर ती कधी इकडे नसायची, कधी तिकडे नसायची. आम्ही त्यांना मागच्या रांगेत बसवायचो. त्यांचा अभ्यासक्रम बुडलेला असतो, त्यांच्यामुळे वर्ग मागे पडू नये, असं आमचं अत्यंत शास्त्रीय कारण होतं.

यमुना त्या मागच्या रांगेत बसायची. दहा वर्षांची, काटक, बोलायला कमी. मी काही विचारलं की खाली मान घालायची, म्हणून मी विचारणं सोडून दिलं होतं. मला तेवढंच कमी काम.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपताच तपासणीची तारीख लागली. तपासणीची एक कला असते आणि ती मला चांगली अवगत होती. माझं एक ठरलेलं गणित होतं: सत्तेचाळीस गुणिले छत्तीस. त्यात हातचे आहेत, फुली आहे, आणि फळ्यावर मांडलं की भारदस्त दिसतं. तपासणीच्या आधी पंधरा दिवस मी तेच एक गणित वर्गाकडून घोटून घ्यायची. सोळाशे ब्याण्णव हे उत्तर माझ्या वर्गातल्या मुलांना स्वतःच्या जन्मतारखेपेक्षा पक्कं माहीत असायचं. साहेब आले की मी विचारायची, 'साहेब, गुणाकार घेऊ का?' साहेब मान हलवायचे, मी सहज सुचल्यासारखं ते गणित घालायची, ओंकार नावाचा माझा हुकमी एक्का फळ्यावर ते सोडवायचा आणि साहेब चहाला जायचे. सलग आठ वर्षं या गणिताने मला 'समाधानकारक' असा शेरा मिळवून दिला.

या वेळचे साहेब नवीन होते. मी आकडे सांगितले, पण खडू त्यांनी स्वतःच हातात घेतला आणि वर छत्तीस, खाली सत्तेचाळीस असं लिहिलं. मुद्दाम केलं की चुकून झालं, देव जाणे. ओंकार खडू घेऊन उभा राहिला तो उभाच. मग ओंकारने धीर करून साहेबांची चूक दाखवली. 'साहेब, हे उलटं लिहिलंय. मोठी संख्या वर असती.' मुख्याध्यापक आहेर सर खिडकीबाहेर पाहू लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

साहेबांनी सगळ्या वर्गाला विचारलं, कोणी सांगेल का. मागच्या रांगेतून आवाज आला, 'सोळाशे ब्याण्णव.' साहेब मागे गेले आणि कसं काढलं म्हणून विचारलं. यमुना उठून उभी राहिली.

'तेच हाय ना साहेब. बाग हिकडून मोजा नायतर तिकडून मोजा, झाडं तेवढीच.'

साहेबांनी तिला फळ्याशी नेलं. तिने गणित मांडलं नाही, आधी आडव्या रेघा ओढल्या. एकेक रेघ म्हणजे द्राक्षाची एक ओळ, ओळीत सत्तेचाळीस झाडं, अशा छत्तीस ओळी. दहा ओळींची झाडं चारशे सत्तर. असं तीनदा केलं की चौदाशे दहा. राहिल्या सहा ओळी, त्यांची दोनशे ब्याऐंशी. सगळं तोंडी. आईबरोबर बागेत घड विरळायला जायची, किती झाडं झाली आणि किती राहिली हे संध्याकाळी आईला तीच सांगायची, असं नंतर कळलं. कोणी शिकवलं, या प्रश्नाला ती म्हणाली, कोणीच नाही. मी शेजारी उभी होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

जाताना त्यांनी आहेर सरांना सांगितलं, या मुलीला निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला बसवा. सरकारी शाळा, सहावीपासून राहणं-खाणं-शिकणं सगळं एका ठिकाणी. तालुक्यातून थोडीच मुलं निवडली जायची. आमच्या शाळेतून तोवर कोणी बसलंही नव्हतं.

यमुनाच्या बापाने दाखल्यांसाठी पेठला तीन खेपा केल्या. तिची आई एकदा शाळेत आली, दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. 'एका जागी ऱ्हाईल पोर,' एवढंच म्हणाली. मला ते समजायला वेळ लागला नाही. यमुनाची पाच वर्षांत दहा वेळा शाळा बदलली होती. ही परीक्षा निघाली तर ती एकाच शाळेत, एकाच बाकावर जूनपासून एप्रिलपर्यंत बसणार होती. नाही निघाली तर थोरल्या बहिणीसारखी बाराव्या वर्षी बागेत कायमची. थोरलीही हुशार होती म्हणे.

तयारीची जबाबदारी मी मागून घेतली. सगळ्यांना वाटलं, बाईंचं मन केवढं मोठं. खरं सांगायचं तर माझा तिळपापड झाला होता. आठ वर्षांचं माझं गणित त्या पोरीने बागेच्या ओळी काढून सोडवलं होतं, आणि त्यात फुली कुठेच नव्हती. बिनफुलीचा गुणाकार माझ्या वर्गात होतोच कसा? मी आहेर सरांना म्हटलं, उत्तर येतं हो तिला, पण पद्धत नाही. मोठ्या परीक्षेत पद्धतीला मार्क असतात. सर म्हणाले, तुम्ही म्हणता तर असतील. त्या परीक्षेची प्रश्नपत्रिका ना त्यांनी पाहिली होती ना मी.

शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास मी तिला बसवायची. दहा गणितं घालायची. सुरुवातीला ती मान वर करून क्षणभर पाहायची आणि उत्तर लिहून मोकळी व्हायची. उत्तर बरोबर असायचं. मी त्याच्यावर लाल रेघ मारायची आणि म्हणायची, 'मांडणी कुठे आहे?' मग ती कोपऱ्यात बारीक ओळी काढून वीस एवढे, चार एवढे असं लिहू लागली. त्याच्यावरही रेघ. शहाण्या माणसाने तेव्हा पेन खाली ठेवला असता. पण माझी शिस्त होती, आणि शिस्तीपुढे दहा वर्षांच्या पोरीच्या अकलेचं काय चालणार?

एकदा तिने विचारलंच. 'बाई, फुली का मारायची?'

मी म्हटलं, 'मारायची म्हणून मारायची. पुढे चल.'

आज लिहायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला उत्तर माहीत नव्हतं. छत्तीसमधला तीन हा तीन नसून तीस आहे, म्हणून ती जागा सोडायची, हे मला सांगता यायला हवं होतं. दहावीला गणितात पंच्याऐंशी मिळवलेली, डी.एड. झालेली, वीस वर्षं फुली-फुली ओरडणारी मी. मला माझ्या बाईंनी सांगितलं होतं, मारायची म्हणून मारायची. यमुना रोज तेच तर करत होती, तीनऐवजी तीस घेत होती. माझ्या फुलीचा अर्थ तिच्या ओळींत धडधडीत लिहिलेला होता आणि मी त्याच्यावर रेघा मारत होते. त्या प्रश्नानंतर मी तिच्याशी आणखी कडक वागले. तिच्यावर राग काढायला मला कारणच लागत नव्हतं.

दोन महिन्यांत ती सरळ झाली. ओळी काढणं बंद झालं. ती माझ्यासारखी मांडणी करू लागली, हातचे डोक्यावर, फुली जागेवर. आधी पाच मिनिटांत होणाऱ्या दहा गणितांना आता अर्धा तास लागायचा, आणि दोन-तीन चुकायचीही. पण चुकली तरी पद्धतशीर चुकायची. मी आहेर सरांना वही दाखवली आणि सांगितलं, बघा, आता वळण लागलं.

परीक्षा फेब्रुवारीतल्या रविवारी निफाडला होती. बापलेकीला घेऊन मी स्वतः गेले. आईने केसांना तेल लावून घट्ट वेण्या घातल्या होत्या. फाटकाशी मी तिला शेवटची सूचना दिली की घाई करू नकोस, प्रत्येक गणित पद्धतीने कर, मनात आलेलं उत्तर लिहू नकोस. तिने मान हलवली आणि आत गेली. बाहेर तिचा बाप माझ्याकडे पाहून हात जोडत होता. मीही मोठेपणाने 'अहो, माझं कामच आहे ते' असं म्हणून घेतलं.

यादी मे महिन्यात लागली. यमुनाचं नाव नव्हतं. तोवर ती माणसं पेठकडे निघून गेली होती. आहेर सरांनी तिच्या गावच्या शाळेत फोन करून निरोप ठेवला, तो पोचला की नाही माहीत नाही. पुढच्या दिवाळीनंतर तिचे आईबाप आले. यमुना बागेतच दिसायची, शाळेत आली नाही. मी एकदा बांधावर जाऊन तिच्या आईशी बोलले. आईने मला बसायला पोतं अंथरलं आणि चहा दिला. मुलीबद्दल एका शब्दानेही बोल लावला नाही, त्यामुळे मला तिथे बसवेना. दोन घोट चहा घेऊन मी एसटीची वेळ झाली म्हणून उठले. एसटीला अजून तास होता.

पण यादी लागण्याची वाट पाहायची मला गरजच नव्हती. निकाल मला परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारीच कळला होता. यमुना प्रश्नपत्रिका घेऊन शाळेत आली. प्रश्नपत्रिका घरी न्यायला परवानगी होती. मी चष्मा लावून पानं उलटली. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं. वेगळ्या उत्तरपत्रिकेवर बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा, झालं. मांडणी कोणी विचारत नव्हतं. कच्च्या कामाला चार बोटं जागा होती आणि ती कोणी तपासणार नव्हतं. फळ्यावरच्यासारखं मनात करून तिने गोल काळे केले असते तर अर्ध्या वेळेत पेपर संपला असता. तिचे शेवटचे अकरा प्रश्न तर वेळ संपला म्हणून राहिलेच होते.

अठ्ठावन्न गुणिले चोवीस या प्रश्नात तिने तीनशे अठ्ठेचाळीसवर खूण केली होती. चिंचोळ्या जागेत फुली मारायची राहून गेली होती. पेपर काढणाऱ्यांना अशा पोरांची चांगली माहिती असते, फुली विसरलेलं उत्तर ते पर्यायांत ठेवतातच. त्याच्याच शेजारी तेराशे ब्याण्णव छापलेलं होतं. माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'अगं यमुने, दहा ओळींतच पाचशे ऐंशी झाडं होतात. चोवीस ओळींत तीनशे अठ्ठेचाळीस कशी होतील?'

दोन महिन्यांत मी पहिल्यांदा तिच्या भाषेत बोलले होते.

'म्हाईत हाय बाई,' ती म्हणाली. 'माझं तेराशे ब्याण्णव पयलंच आलं व्हतं. मंग तुमच्यावानी केलं तर हे आलं.'

'मग कशावर खूण करायची हे तुला कळेना का?'

'कळत व्हतं. पण बाईंची रीत खोटी कशी आसंल? म्हणून तुमचंच काळं केलं.'

तिने पान माझ्याकडे सरकवलं. मी वही तपासताना रोज पाहायची तसं ती माझ्या हातातल्या लाल पेनाकडे पाहत होती. मग हळूच म्हणाली, 'बरोबर हाय ना बाई?'

दोन महिने तिच्या प्रत्येक बरोबर उत्तरावर मी रेघ मारली होती. तीनशे अठ्ठेचाळीससमोर मी बरोबरची खूण केली आणि तिला म्हटलं, हो, बरोबर आहे.